टुणटुणच्या आधीची उमादेवी



"या वर्षी तुम्ही काहीतरी लिहाच," असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी हो म्हणालो खरा, पण इतिहासावर लिहीन असं माझं मलाही वाटलं नव्हतं. मी पडलो कंप्युटर इंजिनिअर. रोजचं लिखाण म्हणजे क्लायंटच्या मेलना उत्तरं आणि 'हे का चालत नाही' याचे रिपोर्ट. इतिहासाशी संबंध शाळेतल्या सनावळ्यांपुरता. पण गेल्या वर्षीच्या गणपतीत एक प्रसंग घडला आणि तो काही डोक्यातून जाईना.

आपल्यापैकी बरेच जण तिथे होते, त्यामुळे आठवत असेल. रोरबाखच्या हॉलमध्ये आरती झाली, जेवणं झाली, बाहेर पाऊस थांबेना म्हणून अंताक्षरी सुरू झाली. एका मित्राच्या सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे, अंगाने चांगल्या भरलेल्या, खुर्चीतून उठताना कुणाचा तरी हात लागायचा. दिवसभर गप्प बसलेल्या आजींनी 'अ' आल्यावर एकदम सूर लावला. 'दर्द' सिनेमातलं, 'अफसाना' या शब्दाने सुरू होणारं ते जुनं गाणं. आवाज थोडा कापत होता, पण सूर पक्का होता. पहिली ओळ संपते न संपते तोच मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, हे टुणटुणचं!" आणि अख्खा हॉल हसला. मीही हसलो.

आजी थांबल्या. "हसण्यासारखं काय झालं?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. उत्तर कुणाकडेच नव्हतं. "बरं, घ्या पुढचं अक्षर," म्हणाल्या, आणि त्यानंतर काही गायल्या नाहीत.

घरी जाताना ट्राममध्ये माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं, "बाबा, टुणटुण म्हणजे काय?" मी म्हटलं, जुन्या सिनेमातली नटी, जाडी होती, फार हसवायची. "काय करून हसवायची?" आता आली का पंचाईत! मला तिचा एकही विनोद आठवेना. आठवत होतं ते इतकंच, की ती दारातून आत येते आणि लोक हसायला लागतात. "मग ती हसवायची कुठे? लोकच हसायचे," मुलगी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

त्यानंतर मी काही शनिवार-रविवार या बाईंच्या मागे लागलो. जुनी गाणी ऐकली, सिनेमे पाहिले, मिळेल ते वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो. लेखभर मी तिला 'ती' म्हणणार आहे, आपण मराठी माणसं लताला आणि आशाला म्हणतो तसं. त्यात अनादर नाही, आपलेपणा आहे.

टुणटुणचं खरं नाव उमादेवी खत्री. जन्म ११ जुलै १९२३, उत्तर प्रदेशात अमरोह्याजवळच्या एका खेड्यात. जमिनीच्या वादात तिच्या आईवडिलांचा खून झाला. आईवडील कसे दिसायचे तेही आपल्याला आठवत नाही, असं तिने म्हातारपणी मुलाखतीत सांगितलं होतं. हरी नावाचा एक मोठा भाऊ होता, तोही मारला गेला. चार-पाच वर्षांची ही मुलगी नातेवाइकांच्या घरी दोन वेळच्या जेवणावर राबायला उरली. गाणं ती कुणाकडे बसून शिकली नाही. कानावर पडेल ते उचलायचं आणि काम करता करता गुणगुणायचं, एवढीच काय ती तालीम.

साधारण १९४६ साली, तेविशीच्या आसपास, ती घर सोडून एकटी मुंबईला आली. आपण सगळे इथे आलो तेव्हा फ्रँकफर्टला उतरताना खिशात कंपनीचं पत्र होतं, विमा होता, कुणाचा ना कुणाचा पत्ता होता. तरी पहिल्या रात्री पोटात गोळा आला होता, खोटं कशाला बोला! या मुलीकडे यातलं काहीच नव्हतं. मुंबईत तिला अरुणकुमार आहुजा आणि त्यांची गायिका पत्नी निर्मलादेवी यांची मदत झाली. हे दोघे म्हणजे आपल्या गोविंदाचे आईवडील. त्यांनी तिची काही संगीतकारांशी ओळख करून दिली. नौशादची गोष्ट मात्र तिने स्वतःच्या हिमतीवर जमवली. ती थेट त्यांच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, मला गाता येतं, संधी दिली नाहीत तर समुद्रात उडी मारीन. निदान सांगतात तरी असंच. नौशादनी गाणं ऐकलं आणि तिला निर्माते-दिग्दर्शक कारदार यांच्या कंपनीत घेतलं.

तिथून आला १९४७ चा 'दर्द'. संगीत नौशादचं, गीतं शकील बदायुनी यांची. शकीलचा तो पहिलाच सिनेमा. 'अफसाना' पडद्यावर मुनव्वर सुलतानाने म्हटलं, आवाज उमादेवीचा. सुरैयासारखी मोठी गायिका-नटी त्याच सिनेमात होती, उमादेवीने तिच्याबरोबरही एक गाणं गायलं. तरी घराघरात गेलं ते 'अफसाना'च. आज ते नीट ऐकलं तर त्यात दाखवेगिरी कुठेच सापडत नाही. आवाज सरळ, थोडा जाड, शेजारच्या खोलीत कुणीतरी स्वतःशीच गातंय असा. शास्त्रीय बैठक नसल्यामुळे ताना नाहीत, हरकतीही बेताच्या. पण शब्द असा टाकते की तिला जे सांगायचंय ते आपल्यापर्यंत पोचतंच.

लोकांनी तो आवाज डोक्यावर घेतला, पण तो कुणाचा हे फार थोड्यांना ठाऊक होतं. पार्श्वगायक हा तेव्हा पडद्याच्याच नव्हे, नावाच्याही मागे असायचा. दोन वर्षांनी 'महल' आला तेव्हासुद्धा त्याच्या रेकॉर्डवर लताचं नाव नव्हतं. ज्या पात्रासाठी ती गायली त्या 'कामिनी'चं नाव छापलं होतं!

पुढच्या वर्षी, १९४८ मध्ये, मेहबूब खानच्या 'अनोखी अदा'त ती नौशादकडे गायली आणि मद्रासच्या जेमिनीने काढलेल्या 'चंद्रलेखा'च्या हिंदी आवृत्तीतही गायली. 'चंद्रलेखा' म्हणजे त्या काळातला अवाढव्य खर्चाचा सिनेमा. मुंबईत एकटी आलेल्या मुलीला दोनच वर्षांत इतकं मिळालं. गाडी रुळावर होती.

आणि मग उजाडलं १९४९ साल. आपल्यासाठी हे आनंदाचं वर्ष. 'महल', 'बरसात', 'अंदाज', आणि या सगळ्यांत आपल्या मंगेशकरांची लता. 'अंदाज'चं संगीत तर नौशादचंच. लताचा आवाज वरच्या पट्टीत सहज फिरायचा, मायक्रोफोनवर स्वच्छ उतरायचा, आणि मागे दीनानाथांची तालीम होती. संगीतकारांना जणू नवीनच वाद्य सापडलं. आता चाली त्या आवाजाच्या मापाने बांधल्या जाऊ लागल्या. जोहराबाई अंबालेवाली, अमीरबाई कर्नाटकी या जाड, खालच्या पट्टीतल्या आवाजांची कामं काही वर्षांतच आटली. उमादेवी त्यांच्यातलीच. तीही शिक्षणाशिवाय आलेली, म्हणजे नव्या चालींशी जुळवून घ्यायला हाताशी काही नाही.

यात लताचा काहीच दोष नाही. पण मला यात आमच्या धंद्यातली गोष्ट दिसते. एखाद्या सिस्टिमवर पाच-सात वर्षं हात बसलेला माणूस असतो. मग वरून निर्णय होतो की पुढच्या वर्षीपासून नवीन सिस्टिम. माणूस तोच, अक्कल तीच, पण सोमवारी सकाळी त्याला विचारायला कुणी येत नाही. पस्तिशी ओलांडलेले आम्ही सगळे ही भीती खिशात घेऊनच ऑफिसला जातो. उमादेवीचं वय तेव्हा सव्वीस होतं.

नौशादनीच तिला मार्ग सुचवला. स्वभाव बडबडा, तोंडावर बोलणारी, चार माणसं जमवून हसवणारी, आणि अंगानेही ती भरली होती. त्यांनी सांगितलं, तू विनोदी कामं कर. तिने अट घातली, करीन, पण पहिलं काम दिलीपकुमारच्या सिनेमातच. कामाची गरज असताना अट घालणारी ही बाई मला फार आवडली. अट पाळली गेली. १९५० च्या 'बाबुल'मध्ये दिलीपकुमार होता, नर्गिस होती आणि, गंमत बघा, मुनव्वर सुलतानाही होती. तीन वर्षांपूर्वी जिच्या ओठांसाठी उमादेवी गायली, तिच्याच सिनेमात ती आता लोकांना हसवायला उभी राहिली. 'टुणटुण' हे नाव दिलीपकुमारने तिथेच ठेवलं म्हणतात.

नाव मात्र असं निघालं की मूळ नावावर पार वरवंटाच फिरला. मराठी कानाला तर ते लगेच ओळखीचं वाटलं असणार. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. तो भोपळा टुणटुणच उड्या मारतो. आजारातून उठलेल्या माणसाला आपण 'टुणटुणीत झाला' म्हणतो. म्हणजे आपल्या भाषेत हा शब्द उडीचा आणि तब्येतीचा. सिनेमाने त्याला लठ्ठपणाचा केला.

ती विनोदी नटी झाली म्हणजे तिचं वाईट झालं, असं मात्र मला म्हणायचं नाही. मी सुरुवातीला तसंच धरून चाललो होतो, पण सिनेमे पाहिल्यावर मत बदललं. गुरुदत्तने तिला 'आरपार' (१९५४), 'मिस्टर अँड मिसेस ५५' (१९५५) आणि 'प्यासा' (१९५७) अशा एकामागून एक सिनेमांत घेतलं. गुरुदत्तसारखा चोखंदळ माणूस नुसत्या आकारासाठी कुणाला तीन-तीनदा बोलावत नाही. तिचं टायमिंग बघा. मी शाळेत असताना दोन वर्षं तबला शिकलो (प्रवेशिकेपर्यंत मजल गेली, पुढे नाही!), त्यामुळे एवढं कळतं की समेवर कसं यायचं हे तिला ठाऊक होतं. वाक्य कुठे तोडायचं, समोरच्याला किती वेळ बघत राहायचं आणि मग कधी फट्कन बोलायचं, हे सगळं तालात आहे. गाणं सुटलं, पण गाण्यातला ताल तिने बरोबर नेला.

दुसरंही एक लक्षात घ्यायला हवं. आपल्याकडे बाईने हसवणं ही सोपी गोष्ट नव्हती. तमाशात नाचणाऱ्या, गाणाऱ्या बायका असत, पण गवळणीतली विनोदी 'मावशी' पुरुषच करायचा. हिंदी सिनेमातही हसवण्याचा मक्ता पुरुषांकडेच होता. भगवानदादा, धुमाळ, आगा, मुक्री, सुंदर, जॉनी वॉकर, पुढे केश्टो मुखर्जी. यांतले पहिले दोघे तर आपलेच मराठी. या सगळ्यांच्या समोर बरोबरीने उभी राहणारी बाई म्हणजे टुणटुण. हिंदी सिनेमातली पहिली विनोदी नटी असं तिला म्हणतात. चाळीस वर्षांत तिने जवळजवळ दोनशे सिनेमे केले. १९८२ च्या 'नमक हलाल'मध्येही ती आहे, आणि शेवटचा सिनेमा १९९० चा. ज्या मुलीला लहानपणी दोन घास मिळवायला राबावं लागलं, तिने मुंबईत स्वतःच्या कमाईवर उभं राहून चार मुलांचा संसार केला. तिची कीव करायचं काही कारण नाही.

मग चुकलं कुठे? चुकलं ते आपल्याकडून, प्रेक्षकांकडून. वर्षं गेली तशी भूमिका आखूड होत गेली. संवाद कमी, नुसता प्रवेश जास्त. दार उघडलं, टुणटुण दिसली, हशा. खुर्चीवर बसली, खुर्ची मोडली, हशा. ते लिहिणाऱ्यांना टायमिंगची गरजच उरली नव्हती, शरीर पुरेसं होतं. आणि ते नाव थिएटरातून बाहेर पडून रस्त्यावर आलं. नव्वदच्या दशकात, ती पडद्यावरून गेल्यानंतरसुद्धा, जाड मुलगी दिसली की 'टुणटुण' हे ठरलेलंच होतं. ज्यांनी तिचा एकही सिनेमा धड पाहिला नव्हता तेही म्हणायचे.

आता थोडं स्वतःबद्दल. डोंबिवलीत आमच्या शाळेत गाण्याच्या बाई होत्या. स्थूल होत्या आणि जिना चढून वर्गात आल्या की दोन मिनिटं धापा टाकायच्या. त्यांना आम्ही काय म्हणायचो ते सांगायला नकोच. सातवीत असताना मी फळ्यावर त्यांचं चित्र काढलं आणि खाली ते नाव लिहिलं. बाई आल्या, पाहिलं, डस्टर घेऊन स्वतः पुसलं. "हे नाव कुणाचं आहे माहीत आहे का रे तुम्हाला?" त्यांनी विचारलं. वर्ग खिदळला. बाई म्हणाल्या, "फार चांगलं गायची ती." आम्हाला तो आणखी एक विनोदच वाटला. त्यांनी पेटी उघडली आणि नेहमीचं गाणं शिकवायला घेतलं. पंचवीस एक वर्षांनी रोरबाखच्या हॉलमध्ये आजींनी विचारलेला प्रश्न ऐकला तेव्हा मला ते डस्टर आठवलं.

आमच्या खालच्या मजल्यावर ऐंशीच्या घरातल्या एक जर्मन आजी राहतात, मूळच्या कोलोनच्या. त्यांना मी ही सगळी कथा माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितली. त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे तुमची ट्रुडे हेर!" आणि चॉकलेटवरचं ते १९६० चं प्रसिद्ध गाणं गुणगुणायला लागल्या. फास्नाख्टच्या दिवसांत आपण सगळ्यांनी ते कुठे ना कुठे ऐकलेलं असतं, कुणाचं ते माहीत नसतं इतकंच. ट्रुडे हेर १९२७ सालची, कोलोनचीच. वडील कम्युनिस्ट म्हणून नाझींनी त्यांना डांबलं, त्यामुळे बालपण हलाखीत गेलं. अंगाने जाड, गायिका आणि विनोदी नटी. सिनेमांनी तिलाही आधी आकारासाठीच वापरलं. पण पुढे तिने १९७७ मध्ये कोलोनमध्ये स्वतःचं थिएटर काढलं, स्वतः नाटकं लिहिली आणि मुख्य भूमिका स्वतः केल्या. १९८६ पर्यंत ते चालवलं. १९८७ मध्ये तिने दोन गायकांना बरोबर घेऊन निरोपाचं एक गंभीर गाणं केलं. १९९१ मध्ये ती गेली, पण इथे अंत्यविधीला ते गाणं आजही वाजवतात. ज्या बाईला लोक हसले, तिच्याच आवाजावर ते रडतातही. खालच्या आजींच्या डोळ्यांत सांगतानाच पाणी आलं होतं.

आपल्या उमादेवीला स्वतःचं थिएटर मिळालं नाही. तिच्यासाठी कुणी मोठी भूमिका लिहिली नाही, आणि चेहरा माहीत झाल्यावर तो जुना आवाज तिला परत मागितलाही नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ती मुंबईत गेली. लोकांच्या मनात दोन बायका राहिल्या. एक 'अफसाना' गाणारी, तिचा चेहरा नाही. दुसरी दारातून येणारी, तिला आवाज नाही. दोघी एकच, हे जुळवायचं राहून गेलं.

मी घरी एक प्रयोग केला. मुलीला आधी गाणं ऐकवलं, कोण ते न सांगता. तिने दोनदा लावायला सांगितलं. मग सिनेमातला एक प्रवेश दाखवला आणि म्हटलं, हीच ती. ती हसली, पण हसली ते टुणटुण बोलल्यावर, दारातून आल्यावर नाही. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. म्हणून मंडळाला विनंती, दिवाळीच्या कार्यक्रमात 'अफसाना' पूर्ण लावूया, मधे कुणी न बोलता. त्यानंतर हवं तर मनसोक्त हसूया.

साताऱ्याच्या आजींना मी गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉल केला आणि त्या दिवसाची माफी मागितली. "अहो, मी कधीच विसरले," त्या म्हणाल्या, पण गाणं म्हणा म्हटल्यावर लगेच खाकरून घसा साफ केला आणि शेवटपर्यंत म्हटलं.

डोंबिवलीच्या बाईंचा पत्ता एका वर्गमित्राकडून मिळालाय. ऐंशी पार केली आहे त्यांनी, टुणटुणीत आहेत म्हणे. हा अंक छापून आला की एक प्रत त्यांना पाठवतोय. चित्र कुणी काढलं होतं हे त्यांना तेव्हा कळलं नव्हतं. आता कळेल.